जीमॅटमध्ये पहिली उपग्रह मोहीम: आधी वही, मग बटण

मोहीम आखण्याची सॉफ्टवेअर नवख्याला एकाच गोष्टीत फसवतात: ती कधी अडत नाहीत. वस्तुमान चुकलं, तारीख चुकली, ग्राउंड स्टेशन (जमिनीवरचं अँटेना-केंद्र) आकाशात टांगलं, तरी पडद्यावर निळी पृथ्वी फिरते आणि तिच्याभोवती सुबक रेघ उमटते. त्यामुळे या लेखाची शिस्त साधी आहे. प्रत्येक वेळी रनचं बटण दाबण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं ते वहीत लिहायचं. जुळलं तर पुढे जायचं, नाही जुळलं तर थांबायचं.

उदाहरण म्हणून ३यू क्यूबसॅट (ठरावीक मापाच्या तीन घनांएवढा छोटा उपग्रह) घेऊ: १० × १० × ३० सेंमी, ४ किलो, ५०० किमी उंचीची सूर्यसमकालिक कक्षा (ती काय ते पायरी १ मध्ये), ग्राउंड स्टेशन पुण्यात. हे उदाहरण हवेतलं नाही. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम १ किलोचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून अशाच कक्षेत गेला. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ वरून सुमारे ६७० किमीवर पोहोचला. दोन्ही उपग्रह सहप्रवासी होते, म्हणजे कक्षा मुख्य उपग्रहाच्या सोयीची आणि तुमच्या वाट्याला जी येईल ती. विद्यार्थी संघांनी हे पहिल्या दिवशीच मनावर कोरून ठेवावं. आपण कक्षा निवडत नाही. मिळालेल्या कक्षेत काय काय जमेल, तेवढंच आपण मोजतो.

कोणतं सॉफ्टवेअर

सुरुवातीला जीमॅट घ्या. नासाच्या गॉडार्ड केंद्राचं हे मुक्त-स्रोत साधन फुकट आहे, आणि टेस या ग्रहशोधक दुर्बिणीसारख्या खऱ्या मोहिमांच्या कक्षा त्यात आखल्या गेल्या आहेत. एसटीके हे दुसरं सॉफ्टवेअर दिसायला देखणं आणि ताकदवान आहे, पण ते परवान्याचं काम. पायथॉन येत असेल तर स्कायफील्ड आणि जावा येत असेल तर ओरेकिट ही कक्षागणिताची साधनं जरूर शिका, पण दुसऱ्या टप्प्यात. उपग्रहाचं तोंड कुठे आहे, म्हणजे अभिवृत्ती, याच्या सखोल सिम्युलेशनसाठी बॅसिलिस्क किंवा नासाचंच '४२' लागतं. ते जीमॅटचं काम नव्हे.

जीमॅटच्या आवृत्तीचं नाव वर्षावरून असतं, उदाहरणार्थ आर२०२२ए. झिप फाइल उतरवून थेट 'सी' ड्राइव्हवर किंवा होम फोल्डरमध्ये, नावात मोकळी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये उघडा. विंडोजच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवलंत तर रिपोर्ट लिहायला परवानगी मिळत नाही, आणि मग 'रन झालं पण फाइल कुठाय' म्हणून तास जातो. प्रोग्राम 'बिन' फोल्डरात असतो, निकाल 'आउटपुट' फोल्डरात येतात. आणखी एक, खास आपल्यासाठी: स्क्रिप्टमध्ये देवनागरीत टिपा लिहू नका. ती फाइल साध्या आस्की अक्षरांतच असावी लागते. मराठी टिपा वहीत.

पायरी १: वहीतलं पान

जीमॅट उघडण्याआधी कॅल्क्युलेटर घ्या. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किमी. त्यात ५०० मिळवले की अर्ध-दीर्घ अक्ष (वर्तुळाकार कक्षेची त्रिज्या) ६८७८.१३७ किमी. पृथ्वीचा गुरुत्वस्थिरांक ३,९८,६००.४ घन किमी प्रति वर्ग सेकंद.

कक्षेचा वेग म्हणजे गुरुत्वस्थिरांक भागिले अक्ष, त्याचं वर्गमूळ: ७.६१ किमी प्रति सेकंद. परिघ भागिले वेग म्हणजे एक फेरी: ५६७७ सेकंद, ९४.६ मिनिटं. दिवसाला १५.२ फेऱ्या. दर फेरीला उपग्रहाची वाट पश्चिमेकडे २३.६५ अंश सरकते.

आता कल, म्हणजे कक्षेच्या प्रतलाचा विषुववृत्ताशी कोन. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्यामुळे कक्षेचं प्रतल हळूहळू वळतं. हे वळणं दिवसाला ०.९८५६ अंश पूर्वेकडे झालं, तर ते सूर्याच्या वार्षिक सरकण्याशी जुळतं आणि उपग्रह दर वेळी त्याच स्थानिक सौर वेळी विषुववृत्त ओलांडतो. हीच सूर्यसमकालिक कक्षा. ५०० किमीसाठी हा कल ९७.४० अंश येतो. सूत्रात चार गोष्टी लागतात: फेरीचा कोनीय वेग, जे-टू गुणांक (पृथ्वीच्या फुगवट्याचं माप) ०.००१०८२६३, त्रिज्या आणि अक्ष यांच्या गुणोत्तराचा वर्ग, आणि कलाची कोज्या. या चौघांचा गुणाकार करून त्याला उणे दीडने गुणलं की प्रतलाच्या वळण्याचा दर मिळतो. कोज्या ऋण हवी म्हणून कल ९० च्या पुढे. हे एकदा हाताने कराच. पुढे कोणी ७०० किमीसाठीही ९७.४ लिहिलं तर ते डोळ्याला खटकेल (तिथे ९८.२ च्या आसपास लागतो).

ग्रहण, म्हणजे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत: कक्षेचं प्रतल सूर्याच्या रेषेत असेल तर एका फेरीतली ३५.८ मिनिटं अंधारात. विषुववृत्त सकाळी साडेनऊला ओलांडणाऱ्या कक्षेत (आपली तीच) सूर्य प्रतलाच्या थोडा बाजूला असतो, म्हणून ३० ते ३५ मिनिटं धरा.

पास, म्हणजे उपग्रह स्टेशनला दिसण्याचा काळ: क्षितिजापासून १० अंशांवर आल्यापासून पुन्हा १० अंशांवर जाईपर्यंत, उपग्रह डोक्यावरून गेला तर जास्तीत जास्त ७.४ मिनिटं. ही सर्वोत्तम स्थिती. सगळे पास असे नसतात.

एवढे आकडे एका पानावर लिहा आणि ते पान कीबोर्डशेजारी ठेवा.

पायरी २: उपग्रह भरणे

जीमॅटच्या डाव्या बाजूला तीन टॅब दिसतात: रिसोर्सेस, मिशन, आउटपुट. रिसोर्सेस म्हणजे पात्रं, मिशन म्हणजे घटनांचा क्रम. रिसोर्सेसमध्ये 'डिफॉल्टएससी' नावाचा तयार उपग्रह असतो. त्याच्यावर दोनदा क्लिक करा, म्हणजे खिडकी उघडेल.

पहिला सापळा तारखेचा. जीमॅटची मॉडिफाइड ज्युलियन तारीख ही नेहमीची नव्हे. सगळं जग ज्युलियन दिवसांकातून २४,००,०००.५ वजा करतं, तर जीमॅट २४,३०,००० वजा करतं. दुसऱ्या साधनातला आकडा इथे चिकटवला तर मोहीम ऐंशीहून अधिक वर्षं पुढे जाते. सुटका सोपी आहे: तारखेचा प्रकार 'यूटीसी ग्रेगोरियन' करा आणि महिन्यासकट लिहा, २० मार्च २०२६, वेळ ०४:००:००. आपल्या घड्याळात ते सकाळचे साडेनऊ. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही निम्म्या चुका इथेच होतात. घाईत वजा करण्याऐवजी मिळवलं जातं.

दुसरं, कक्षा. स्थितीचा प्रकार केप्लेरियन निवडा आणि भरा:

- अर्ध-दीर्घ अक्ष (एसएमए): ६८७८.१३७
- उत्केंद्रता (ईसीसी), कक्षा किती लांबट: ०.००१
- कल (आयएनसी): ९७.४
- आरोही पाताचा विषुवांश (आरएएएन), उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेला विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूची दिशा: १४२.५
- उपभू कोन (एओपी), आरोही पातापासून उपभूपर्यंत, म्हणजे पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंत: ९०
- सत्य विसंगती (टीए), उपभूपासून उपग्रहापर्यंतचा कोन: २७०

उत्केंद्रता शून्य टाकू नका. अचूक वर्तुळाला उपभू बिंदूच नसतो, मग उपभू कोनाला अर्थ राहत नाही आणि रिपोर्टमध्ये तो वेड्यासारखा उड्या मारतो.

१४२.५ कुठून आलं? आपल्याला उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना विषुववृत्तावर स्थानिक सकाळी साडेनऊला हवा. म्हणजे दक्षिणेकडून वर जाताना रात्री साडेनऊ. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर, तिथून साडेनऊ तास पुढे, तासाला १५ अंश: १४२.५. त्यात सूर्याचा विषुवांश मिळवायचा, आणि २० मार्चला, वसंतसंपाताच्या दिवशी, तो जवळपास शून्य असतो. तारीख म्हणूनच ती निवडली. (घड्याळाचा सूर्य आणि खरा सूर्य यांत त्या सुमारास ७ मिनिटांचा फरक असतो, म्हणजे पावणेदोन अंश. पहिल्या रनमध्ये तो सोडून द्या.)

इथेच पुढचा खड्डा आहे. प्रक्षेपण महिनाभर पुढे ढकललं, कोणीतरी फक्त तारीख बदलली आणि १४२.५ तसंच ठेवलं. सूर्य दरम्यान जवळपास ३० अंश सरकलेला असतो. साडेनऊची कक्षा साडेसातची झाली, पॅनेलवरचा प्रकाश बदलला, ग्रहणाचा काळ बदलला, आणि फाइलमध्ये कुठेही लाल अक्षरात काही येत नाही. तारीख आणि आरएएएन ही जोडी आहे. एक बदलली की दुसरी बदलायचीच.

तिसरं, वस्तुमान आणि क्षेत्रफळ. तयार उपग्रहाचं कोरडं वस्तुमान ८५० किलो, रोधाचं (हवेच्या अडथळ्याचं) क्षेत्रफळ १५ चौरस मीटर आणि सूर्यदाबाचं (सूर्यप्रकाशाच्या दाबाचं) १ चौरस मीटर असतं. नवखा माणूस वस्तुमान ४ करतो आणि पुढे जातो. आता ४ किलोला १५ चौरस मीटर, म्हणजे उपग्रहाची पतंगाच्या कागदासारखी गत झाली. खऱ्यापेक्षा सुमारे ४३० पट जास्त रोध लागतो आणि तो बघता बघता खाली येतो. घरंगळणाऱ्या ३यू उपग्रहाचं सरासरी क्षेत्रफळ काढायची युक्ती सोपी आहे: एकूण पृष्ठभाग भागिले चार. दोन टोकं ०.०१ ची, चार बाजू ०.०३ च्या, एकूण ०.१४, भागिले चार म्हणजे ०.०३५ चौरस मीटर. रोध आणि सूर्यदाब, दोन्ही ठिकाणी ०.०३५ भरा. रोधाचा गुणांक २.२ तसाच राहू द्या.

पायरी ३: बलांचं प्रतिमान

'डिफॉल्टप्रॉप' उघडा. तयार स्थितीत त्यात ४ × ४ चं गुरुत्वक्षेत्र असतं आणि वातावरण बंद असतं. ५०० किमीवर वातावरण बंद ठेवणं म्हणजे उपग्रह अमर मानणं. गुरुत्वाचं प्रतिमान जेजीएम-३, श्रेणी आणि क्रम (किती बारकावे धरायचे ते) २० × २० करा. वातावरणासाठी एमएसआयएसई९० हे प्रतिमान निवडा, सूर्य आणि चंद्र बिंदुवस्तुमान म्हणून जोडा, सूर्यदाब चालू करा. ७० × ७० करायचा मोह होईल. मशीन तापेल आणि पासची वेळ तुमच्या अँटेनाला कळेल इतकी बदलणार नाही. याउलट वातावरणातली अनिश्चितता त्या जास्तीच्या अचूकतेला केव्हाच गिळून टाकते.

कमाल पाऊल मूळ २७०० सेकंद असतं, ते ६० करा. नाहीतर आलेखावर रेषा तुटक दिसतात आणि घटना शोधताना त्रास होतो.

सूर्याची सक्रियता एफ१०.७ (सूर्याच्या रेडिओ उत्सर्जनाचं माप) या आकड्याने भरतात. तयार मूल्य १५०, चुंबकीय निर्देशांक ३. पहिल्या रनला तेच ठेवा, पण आयुर्मान काढताना कमीत कमी तीन रन करा: ७०, १५० आणि २००. शांत सूर्याच्या काळात आपला क्यूबसॅट दिवसाला १० मीटरच्या आसपास उतरेल, तर तापलेल्या काळात शंभर मीटरच्या वर. म्हणून 'उपग्रह किती वर्षं टिकेल' याला एकच आकडा सांगणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका, मर्यादा सांगा. चुंबकीय वादळाचा फटका किती मोठा असतो ते फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसलं: ४९ स्टारलिंक उपग्रह साधारण २१० किमीच्या तात्पुरत्या कक्षेत होते, वातावरण फुगलं आणि त्यांतले जवळपास ४० परत खाली आले.

पायरी ४: चालवणे आणि पहिली तपासणी

मिशन टॅबमध्ये 'प्रोपॅगेट१' असतं, थांबण्याची अट १२,००० सेकंद. आधी तशीच चालवा. दोन फेऱ्या आणि वर थोडं दिसलं पाहिजे (१२,००० भागिले ५६७७). मग अट 'इलॅप्स्ड डेज' ३० करा, आणि रिसोर्सेसमध्ये 'रिपोर्टफाइल' जोडून त्यात वेळ, एसएमए, आरएएएन आणि उंची मागा.

पहिली परीक्षा आरएएएनची. ३० दिवसांत तो ३० × ०.९८५६ म्हणजे २९.५७ अंश वाढायला हवा. २९.५ ते २९.८ मध्ये आलं तर कल बरोबर. उणे चिन्ह आलं तर कल ८२.६ टाकला गेलाय. ऋण कोज्या विसरणाऱ्यांचा हा ठरलेला आकडा.

आता दोन गोष्टी पाहून नवखे घाबरतात, त्यांना थोडा वेळ देऊ.

एक, उंची. रिपोर्टमध्ये ती एकाच फेरीत वीसेक किमी वरखाली होते. कक्षा बिघडलेली नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी २१ किमीने चपटी आहे आणि जीमॅट उंची लंबगोलाकार पृष्ठभागापासून मोजतं.

दोन, अर्ध-दीर्घ अक्ष. तो स्थिर राहायला हवा असं पुस्तक सांगतं, इथे तर दर फेरीत दोनदा हेलकावे. मध्यापासून दोन्हीकडे सुमारे ९.४ किमी. यात मोठा धडा आहे. जीमॅटला तुम्ही दिलेला अक्ष हा त्या क्षणाचा, म्हणजे तात्कालिक अक्ष. विषुववृत्तावर, फुगवट्याच्या जवळ, तो सरासरीपेक्षा ९.४ किमीने जास्त असतो. आपण उपभू कोन आणि विसंगती मिळून ३६० अंश घेतले, म्हणजे बरोबर आरोही पातावर ६८७८.१३७ भरलं. त्यामुळे खरी सरासरी साधारण ६८६८.७ निघाली आणि उपग्रह सरासरी ४९१ किमीवर फिरतोय. ५०० च हवे असतील तर ६८८७.५ भरा आणि ३० दिवसांची सरासरी काढून खात्री करा.

ही गंमत वाटत असेल तर तिचा हिशेब बघा. अक्षात ९.४ किमीचा फरक म्हणजे दर फेरीला जवळपास १२ सेकंद. दिवसाला १५ फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटं. उपग्रह तीन मिनिटांत १,३०० किमी जातो आणि आपला पास ७ मिनिटांचा. दोन दिवसांत अँटेना रिकाम्या आकाशाकडे बघत बसेल.

म्हणूनच टीएलई, म्हणजे उपग्रहांच्या सार्वजनिक यादीतल्या त्या दोन ओळी, त्यांतले आकडे केप्लेरियन रकान्यांत थेट टाइप करू नका. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी भिंतीवर पाटी लावावी. टीएलईतले घटक सरासरी असतात आणि एसजीपी४ नावाच्या ठरावीक गणितासाठीच बनवलेले असतात. त्यांची निर्देशचौकटही (अक्षांच्या दिशा) जीमॅटच्या जे२००० पेक्षा वेगळी, आता साधारण एक तृतीयांश अंशाने, म्हणजे सुमारे ४० किमीने सरकलेली. योग्य वाट अशी: टीएलई स्कायफील्डमध्ये वाचा, हव्या त्या क्षणाचं स्थान आणि वेग काढा, आणि ते सहा आकडे जीमॅटमध्ये कार्टेशियन म्हणून भरा. प्रक्षेपणानंतरचे पहिले काही दिवस तर टीएलईवरही डोळे झाकून विसंबू नका. पीएसएलव्ही-सी३७ ने १५ फेब्रुवारी २०१७ ला १०४ उपग्रह सोडले होते. अशा गर्दीत कोणता ठिपका कोणाचा हे ठरायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात तुमच्या नावावर शेजाऱ्याची कक्षा असू शकते.

पायरी ५: पुण्याचं ग्राउंड स्टेशन

रिसोर्सेसमध्ये ग्राउंड स्टेशन जोडा. स्थितीचा प्रकार 'स्फेरिकल' आणि क्षितिजाचा संदर्भ 'एलिप्सॉइड' निवडा. अक्षांश १८.५३, रेखांश ७३.८५, उंची ०.५६. उंची किमीमध्ये आहे! ५६० भरणारे दर बॅचला एकदोघे भेटतात. मग स्टेशन उपग्रहाच्याही वर जातं आणि पासची यादी रिकामी येते. संदर्भ 'स्फिअर' राहिला तर मोबाइलच्या नकाशावरचा अक्षांश आणि सॉफ्टवेअरचा अक्षांश यांत ०.१२ अंशाचा, म्हणजे सुमारे १३ किमीचा फरक पडतो. पासवर त्याचा परिणाम किरकोळ, पण चूक ती चूक.

किमान उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) तयार स्थितीत ७ असतो, तो १० करा. शहरात इमारती, झाडं आणि टेकड्या आहेत. गच्चीवर उभं राहून मोबाइलच्या होकायंत्राने चारी दिशांना खरं क्षितिज कुठे लागतं ते टिपून घ्या. पश्चिमेला २० अंशांपर्यंत टॉवर असेल तर सॉफ्टवेअरचे १० अंश तुमच्या काहीच कामाचे नाहीत.

मग 'कॉन्टॅक्ट लोकेटर' जोडा, लक्ष्य उपग्रह, निरीक्षक पुणे, शोधाचं पाऊल १० सेकंद. इथे ६०० ठेवलंत तर ७ मिनिटांचे पास दोन पावलांच्या मध्ये निसटतात आणि यादी अर्धीमुर्धी येते. यादी छोटी दिसली की सगळ्यांत आधी हेच तपासा.

तीस दिवसांत ७० ते ८० पास यायला हवेत, म्हणजे दिवसाला सरासरी अडीच. आणि वेळ? वहीवर पुन्हा या. पुण्याची सौर वेळ भारतीय प्रमाण वेळेच्या ३५ मिनिटं मागे आहे, कारण प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची. शिवाय पुण्याच्या अक्षांशावर उतरताना उपग्रह साडेनऊऐवजी स्थानिक ९:४० ला असतो. म्हणून अगदी डोक्यावरचा पास सकाळी सव्वादहाच्या सुमारास, आणि पूर्वेचे-पश्चिमेचे पास धरून पट्टा सव्वानऊ ते सव्वाअकरा. रात्री नऊ ते अकरा. तुमच्या यादीत दुपारी तीनचा पास दिसला तर यूटीसी, आरएएएन किंवा रेखांशाचं चिन्ह, तिघांपैकी एक चुकलंय. सॉफ्टवेअर यादी यूटीसीत देतं हे धरून बोला. ०३:४५ ते ०५:४५ हा सकाळचा पट्टा.

पायरी ६: या यादीतून डेटा किती उतरतो

इथे जीमॅट बाजूला ठेवून स्प्रेडशीट घ्या. ४३७ मेगाहर्ट्झची हॅम (हौशी रेडिओची) पट्टी धरू. डोक्यावर अंतर ५०० किमी, अवकाशातला क्षय १३९ डेसिबल. १० अंशांवर अंतर १,७०० किमीच्या आसपास, क्षय १५०. एकाच पासमध्ये ११ डेसिबलचा फरक, म्हणजे सिग्नल बारा पट कमी-जास्त. लिंक बजेट (सिग्नलच्या ताकदीचा जमाखर्च) नेहमी १० अंशांच्या आकड्यावर करा. डोक्यावरच्या आकड्यावर केलेलं बजेट सादरीकरणात छान दिसतं आणि गच्चीवर रडवतं. डॉपलर, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेचं सरकणं, दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झ. रिसीव्हर तो पाठलाग करत नसेल तर अरुंद फिल्टरमधून सिग्नल बाहेर पडतो.

वेग ९,६०० बिट प्रति सेकंद. सरासरी पास साडेपाच मिनिटांचा, दिवसाला अडीच: सुमारे ८० लाख बिट, १ मेगाबाइट. पॅकेटचा वरखर्च, हरवलेली पॅकेट्स, सिग्नल पकडायला लागणारं पहिलं मिनिट वजा केलं की हातात अर्धा. मोबाइलवरचा एक साधा फोटो उतरवायला आठवडा. कॅमेरा बसवायचं ठरवण्याआधी हा हिशेब करा, नंतर नको.

पायरी ७: ग्रहण आणि बॅटरी

'एक्लिप्स लोकेटर' जोडा, प्रच्छाया (पूर्ण सावली) आणि उपच्छाया (अर्धवट सावली) दोन्ही निवडा आणि हे वर्षभरासाठी चालवा. सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो, त्यामुळे ग्रहण एकाच लांबीचं राहत नाही. बॅटरीला वर्षातलं सर्वांत लांब ग्रहण झेपलं पाहिजे. पहाट-संध्याकाळच्या कक्षेला ग्रहणच नसतं असं ऐकलं असेल, तेही पूर्ण खरं नाही. ५०० किमीवर वर्षातल्या एका काळात तिथेही वीसेक मिनिटांची ग्रहणं लागतात.

आपल्या कक्षेत ३३ मिनिटं अंधार आणि ३ वॉट खर्च: १.६५ वॉट-तास. १८६५० आकाराचे दोन सेल, प्रत्येकी साधारण ९ वॉट-तास. दर फेरीला ९ टक्के रिकामे होतात. हे चांगलं आहे, कारण वर्षाला ५,५०० हून जास्त फेऱ्या, म्हणजे तितकीच चार्ज-डिस्चार्जची चक्रं. हेच प्रमाण ४० टक्क्यांवर नेलं तर सेल फार लवकर म्हातारे होतात.

उत्पन्न: लांब बाजूवर ७ सेल, सूर्यासमोर सरळ असताना सेलमागे साधारण १ वॉट, उजेड ६५ टक्के वेळ. सरासरी साडेचार वॉट. पण ही सूर्याकडे रोखलेल्या बाजूची गोष्ट. तुमच्या उपग्रहाला रोख धरता येत नसेल तर हा आकडा तुमचा नाही. जीमॅट ही चूक दाखवणार नाही. त्यासाठी अभिवृत्तीचं वेगळं सिम्युलेशन करावं लागतं.

इंजिन असेल तर

विद्यार्थी उपग्रहांना सहसा नसतं, म्हणून थोडक्यात. सरावासाठी ५०० वरून ५५० किमीवर जा. वहीतलं उत्तर: कोनीय वेग ०.००११०७ गुणिले ५० भागिले २, म्हणजे एकूण सुमारे २७.७ मीटर प्रति सेकंद, दोन धक्क्यांत प्रत्येकी १३.८. मिशन टॅबमध्ये 'टार्गेट' घाला, त्याच्या आत 'व्हेरी', 'मॅन्युव्हर', 'प्रोपॅगेट', 'अचीव्ह' या क्रमाने. धक्क्याची दिशा स्थानिक व्हीएनबी अक्षांत पहिला घटक, म्हणजे वेगाच्या दिशेने. एकक किमी प्रति सेकंद, म्हणून ०.०१३८. 'व्हेरी'मधला तयार अंदाज ०.५ असतो, म्हणजे ५०० मीटर प्रति सेकंद. तिथून शोध सुरू झाला तर तो लांबच्या कक्षांत भटकतो किंवा उत्तरच सापडत नाही. अंदाज ०.०१ आणि कमाल पाऊल ०.००५ ठेवा. 'कन्व्हर्ज झालं नाही' हा संदेश आला की सहनशीलता सैल करू नका, आधी सुरुवातीचा अंदाज बघा. आणि अक्षाऐवजी अपभूच्या (कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूच्या) अंतरावर नेम धरा. वरचे ते ९.४ किमीचे हेलकावे इथेही गोंधळ घालतात.

फाइल जपताना

स्क्रिप्टचं नाव तारीख आणि बदल यांसह ठेवा, 'फायनल२' नको. प्रत्येक रनसोबत एका ओळीत लिहा: कोणतं वातावरण, एफ१०.७ किती, गुरुत्वाची श्रेणी किती, वस्तुमान किती. सहा महिन्यांनी वस्तुमान ४ वरून ४.३ किलो होईल, रेडिओची पट्टी बदलेल, प्रक्षेपक आणि कक्षा बदलेल. त्या दिवशी पायरी १ पासून पुन्हा, नव्या पानावर.